चार खोल्या, एक यंत्र : एका सर्वमान्य सल्ल्याचे खंडन

वर्धा असो, हिंगणघाट असो की आर्वी, नवे घर बांधायला काढले आणि भिंती सज्जापर्यंत आल्या की एक सल्ला हमखास ऐकू येतो. आर्किटेक्ट तो देतो, नागपूरचा विक्रेता देतो, उन्हाळ्यात पुण्याहून आलेला भाचाही देतो. खोलीखोलीला वेगळा एसी लावायचे दिवस गेले. आता गच्चीवर एकच मोठे युनिट बसवायचे आणि त्यावर आतली तीन-चार युनिटे चालवायची, असा तो सल्ला. बाजारात याला मल्टी-स्प्लिट म्हणतात. ज्यात बाहेरचे एक आणि आतले एक अशी जोडी असते तो आपल्या ओळखीचा साधा स्प्लिट. मल्टी म्हणजे पुढची पायरी आणि साधा म्हणजे मागची, ही समजूत आता इतकी रुळली आहे की तिच्याविरुद्ध बोलणारा एकतर कंजूष ठरतो नाहीतर अडाणी. वर्धा जिल्ह्यातल्या स्वतंत्र घरापुरती तरी ही समजूत चूक आहे, असे माझे ठाम मत आहे. या एका निर्णयात अनेकांची काही वर्षांची शिल्लक जाते, म्हणून हे मत कारणांसह मांडायला हवे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर खंडनाला अर्थ उरत नाही. तेव्हा तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी असा : चार कॉम्प्रेसरांऐवजी एकच, म्हणून वीज कमी. चारही खोल्या एकदम कधी चालत नाहीत, मग पाच टनांची बेरीज कशाला, साडेतीन टनांचे एक युनिट सगळ्यांना पुरते. मोठ्या युनिटचा कंडेन्सर मोठा असतो. एक-दोनच खोल्या चालू असताना थोडी उष्णता बाहेर टाकायला त्याला भरपूर पृष्ठभाग मिळतो आणि कार्यक्षमता वाढते. दर्शनी भिंतीवर चार खोकी लटकत नाहीत. आणि देखभाल एकाच यंत्राची.

पहिला मुद्दा फार वेळ टिकत नाही. वीज कॉम्प्रेसरांच्या संख्येवर जळत नाही. खोलीतून किती उष्णता उपसायची आणि ती किती तापलेल्या हवेत नेऊन टाकायची, यावर ती जळते. चार साधे स्प्लिट असलेल्या घरात रात्री एकच खोली वापरात असेल तर एकच कॉम्प्रेसर चालतो, बाकीचे तीन बंद असतात.

मोठ्या कंडेन्सरचा मुद्दा मात्र वजनदार आहे आणि तो अर्धा खराही आहे. तीन खोल्यांच्या युनिटवर दोन खोल्या मध्यम वेगाने चालू असतील तर त्या यंत्राची कार्यक्षमता खरोखरच चांगली असते. अडचण सुरू होते ती याच्या खाली. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आपला वेग कमी-जास्त करतो, पण त्यालाही एक किमान वेग असतो. त्याखाली तो जाऊ शकत नाही, थांबूच शकतो. धरा, तीन खोल्यांच्या युनिटची कमाल क्षमता ८ किलोवॉट आणि किमान २ किलोवॉट आहे. रात्री दोन वाजता, खोली एकदा थंड झाल्यावर, बारा बाय बाराच्या एका बंद खोलीला एक किलोवॉटही लागत नाही. मग तो मोठा कॉम्प्रेसर काही मिनिटे चालतो, बंद पडतो, पुन्हा चालू होतो. इन्व्हर्टरसाठी जे जास्तीचे पैसे मोजले त्याचा लाभ नेमका इथे संपतो. एक टनाच्या साध्या स्प्लिटचा किमान वेग त्या खोलीच्या गरजेच्या पुष्कळ जवळ असतो, म्हणून तो रात्रभर संथ चालत राहतो. कॅटलॉगात कमाल क्षमतेबरोबर किमान क्षमताही छापलेली असते. विक्रेत्याला हा दुसरा आकडा विचारावा. पूर्वपक्षाची खरी परीक्षा त्यात आहे.

याचा त्रास मे महिन्यापेक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जास्त जाणवतो, आणि याकडे कोणीच लक्ष देत नाही. आपल्याकडे पावसाळ्याच्या रात्री उष्णता फार नसते, ओलावा असतो. एसीच्या थंड कॉइलवर हवेतले पाणी जमते आणि ड्रेन पाइपने बाहेर पडते. चादर कोरडी वाटते ती यामुळे. पण कॉम्प्रेसर वारंवार थांबला की कॉइल कोमट होते, तिच्यावर जमलेले पाणी बाहेर जाण्याआधीच पंख्याच्या वाऱ्याने पुन्हा खोलीत येते. भिंतीवरचा आकडा २५ दाखवत असतो आणि अंगाला चिकचिक होत असते. मग माणूस आकडा २२ वर नेतो, वीज आणखी जाते आणि चिकचिक तशीच राहते.

आता क्षमतेचा मुद्दा, की सगळ्या खोल्या एकदम चालत नाहीत. हा हिशेब मुळात मोठ्या इमारतींचा आहे. डायकिन या जपानी कंपनीने १९८२ मध्ये एका बाहेरच्या यंत्रावर अनेक खोल्या चालवणारी आपली व्हीआरव्ही पद्धत बाजारात आणली ती अशा इमारतींसाठीच. कार्यालयाच्या इमारतीत सकाळी पूर्वेच्या खोल्या तापतात, दुपारनंतर पश्चिमेच्या. सभागृह दोन तास भरते आणि रिकामे होते. तिथे गरज खरोखर विभागलेली असते. वर्ध्यातल्या रामनगरमधल्या घरात काय होते? रात्री दहाच्या सुमारास आजी-आजोबा, आई-बाबा आणि मुले आपापल्या खोलीत जातात, आणि तिन्ही एसी पंधरा मिनिटांच्या आत चालू होतात. नवतपाच्या दिवसांत तर यात काही बदलच नसतो. आणि नेमकी तीच वेळ घरासाठी सर्वांत जड असते. दिवसभर तापलेला चार-पाच इंची सिमेंटचा स्लॅब उष्णता लगेच खाली सोडत नाही, काही तास मागे राहून सोडतो. दुपारी तीनला छताचा वरचा पृष्ठभाग हात लावू देत नाही. रात्री दहाला तीच आग वरच्या मजल्याच्या खोलीत खालच्या बाजूने उतरत असते. स्टुलावर उभे राहून छताला तळवा लावला तर तो ऊबदार लागतो, बाहेर वारा सुटलेला असला तरी. म्हणजे तीन खोल्यांची मागणी एकाच वेळी शिखरावर, आणि यंत्र घेतलेले ते ती कधीच एकत्र येणार नाही या भरवशावर.

त्यात उन्हाळ्याचा आणखी एक घाव आहे. एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट, पण हा छापील आकडा बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश असतानाच्या चाचणीतला असतो. पारा ४५ च्या वर गेला की तेच यंत्र कमी उष्णता उपसते आणि त्यासाठी जास्त वीज घेते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ज्या हिशेबावर तारे देतो त्यात वर्षाचे १,६०० तास आणि २४ ते ४३ अंशांपर्यंतचे बाहेरचे तापमान धरलेले आहे. वर्ध्याच्या वैशाखातल्या कितीतरी दुपारी या पट्ट्याच्या बाहेर पडतात. म्हणून आपल्याकडे तारे पाहून झाल्यावर आणखी एक गोष्ट विचारायची असते : ४६ अंशांना हे यंत्र किती क्षमता देते? साध्या स्प्लिटमध्ये उष्ण प्रदेशासाठी बनवलेले, ५० अंशांच्या पुढेही चालणारे नमुने आता सहज मिळतात. शिवाय तारे ज्या जोडीवर लावलेले असतात त्या जोडीचे ते असतात. मल्टीमध्ये कोणत्या आकाराची किती आतली युनिटे जोडली, त्यांतली किती चालू आहेत, यावर गणित दर तासाला बदलते. एका आकड्यावरून ते कळत नाही.

देखभालीच्या मुद्द्याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण इथे पूर्वपक्ष आपलाच पाय कापतो. एकच यंत्र म्हणजे एकच देखभाल, हे म्हणणे ऐकायला बरे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक आतल्या युनिटला तांब्याच्या दोन नळ्या जातात, आणि प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना नट आवळून केलेला जोड असतो. एका खोलीचे चार जोड, चार खोल्यांचे सोळा. साधे चार स्प्लिट लावले तरी सोळाच. फरक इतकाच की साध्या पद्धतीत सोळा जोड चार स्वतंत्र यंत्रांत वाटलेले असतात, मल्टीत ते सगळे एकाच गॅसच्या वाटेवर असतात. सोळांपैकी एक जोड झिरपला की पहिल्या घरात एक खोली गरम होते, दुसऱ्या घरात चारही. मेकॅनिक साबणाचा फेस घेऊन जोडाजोडाला लावत बुडबुडा शोधतो, तेव्हा साध्या स्प्लिटमध्ये त्याला चार जागा पाहायच्या असतात. मल्टीत गच्चीपासून प्रत्येक खोलीपर्यंत सोळा, त्यांतल्या काही फॉल्स सीलिंगच्या आत. सुरक्षेचीही बाजू आहे. हल्ली बहुतेक घरगुती एसीत आर-३२ हा गॅस असतो. तो मंद का होईना, पण ज्वलनशील आहे. म्हणूनच किती गॅससाठी खोली किमान किती मोठी हवी, याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. मल्टीमध्ये सगळ्या घराचा गॅस एकाच वाटेवर असल्याने लहान खोलीत गळती झाली तर त्या खोलीपुरताच गॅस बाहेर येईल अशी खात्री नसते.

गॅसची वाट लांबली की आणखी त्रास येतात. खोलीच्या भिंतीला पाठ लावून बसवलेल्या साध्या स्प्लिटची नळी तीन ते पाच मीटर पुरते. गच्चीवरून चार खोल्यांपर्यंत जाणाऱ्या नळ्या दहा-पंधरा मीटरच्या होतात, ठरावीक लांबीपुढे दर मीटरमागे मोजून गॅस वाढवावा लागतो, आणि हे मोजमाप अंदाजाने करणारे हात आपल्याकडे कमी नाहीत. नळीवरचे काळे फोम उन्हाने दोन-तीन उन्हाळ्यांत भुरभुरते. आणि वर्ध्यात राहणाऱ्याला माकडांबद्दल वेगळे सांगायला नको. टोळी गच्चीवर उतरली की टाकीच्या झाकणापासून डिशच्या वायरीपर्यंत जे हाती लागेल ते ओढले जाते. गच्चीभर पसरलेल्या नळ्यांचे आवरण त्यात सुटत नाही. उघड्या पडलेल्या थंड नळीने मे महिन्यातल्या गच्चीवरून पंधरा मीटर जायचे म्हणजे विकत घेतलेली थंडी उन्हाला वाटत जायची.

बाहेरच्या युनिटमधले पीसीबी हा मल्टीचा सर्वांत महाग आणि सर्वांत नाजूक भाग. आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडते आणि मृगाच्या आधी विजांचा कडकडाट होऊन लाइन जाते-येते. अशा एका झटक्यात कार्ड जळले तर साध्या स्प्लिटच्या घरात एक खोली जाते; त्या रात्री मुले आजीच्या खोलीत गादी टाकतात आणि दिवस निघतो. मल्टीचे कार्ड जळले की सगळे घर बसते. साध्या स्प्लिटचे काम जाणणारा माणूस आर्वीत मिळतो, कारंजा घाडगेतही मिळतो. मल्टीसाठी बहुतेक वेळा कंपनीचा माणूस नागपूरहून यावा लागतो, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात नागपूरचा कोणता मेकॅनिक पाऊणशे किलोमीटरवरच्या गावाला लगेच निघतो? घरात डायलिसिसचा रुग्ण असेल, तान्हे मूल असेल, ऐंशीच्या घरातले आजोबा असतील, तर हा प्रश्न सोयीचा राहत नाही. उष्माघात विदर्भात दर वर्षी माणसे नेतो. हाताशी दुसरी एक थंड खोली असणे ही अशा घराची पहिली गरज आहे, आणि मल्टी नेमकी तीच हिरावून घेतो.

दर्शनी भिंतीचा मुद्दा मी मान्य करतो. चार खोकी लटकलेली चांगली दिसत नाहीत. मुंबई-पुण्याच्या उंच इमारतीत सोसायटी एकच कट्टा देते, तिथे तर मल्टी घेण्यावाचून गत्यंतर नसते, आणि वर्ध्यातही आता अशा काही इमारती उभ्या राहत आहेत. त्यांतल्या फ्लॅटधारकाला हा लेख लागू नाही. पण ज्याच्या घराला चारही बाजूंनी मोकळी जागा आहे, मागे बोळ आहे, वर गच्ची आहे, त्याला जागेची टंचाई आहेच कुठे? ज्या अडचणीवर मल्टी हे उत्तर आहे ती अडचणच आपल्याकडे नाही. हेच हिवाळ्याचे. अमेरिकेत हे यंत्र गेले ते सगळे घर एकाच मध्यवर्ती यंत्रावर ठेवायची सवय असलेल्या लोकांकडे, आणि त्यांना त्याच यंत्राने थंडीत घर गरमही करायचे असते. आपल्या पौषातल्या रात्री पारा बारा-तेरापर्यंत उतरतो. त्याला गोधडी पुरते. त्यांच्या घराचे निकष आपल्याकडे आणताना त्यांचा हिवाळा आणि त्यांच्या सवयी सोबत येत नाहीत, फक्त खर्च येतो.

या वादात एक दुसरी समजूतही अधूनमधून डोके वर काढते : हॉलमध्ये दोन टनांचा एक दणकट एसी लावा, दारे उघडी ठेवा, सगळे घर गार होते. ती इतकी चुकीची आहे की तिच्यावर परिच्छेद खर्च करत नाही. थंड हवा जड असते, ती फरशीवर पसरते, वळणे घेऊन आतल्या खोलीत पोचत नाही. हॉलमध्ये थंडी वाजते आणि निजायच्या खोलीत घाम येतो.

आता मंडन. नुसते मल्टी नको म्हणून भागत नाही. मग काय करावे हेही सांगितले पाहिजे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी सेगावात राहायला आले, म्हणजे ऐन वैशाखात. पुढे सेवाग्राम म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या गावातली आश्रमाची घरे माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांची आहेत. जाड मातीच्या भिंती, खाली उतरलेले छपराचे काठ, भिंतीवर ऊन पडूच न देणारी ओसरी. आज कोणी मातीचे घर बांधावे असे मी म्हणत नाही. पण ऊन भिंतीवर पडल्यावर ते यंत्राने बाहेर काढण्याआधी ते पडू न देणे, हा क्रम मात्र त्या घरांचाच आहे आणि तो बरोबर आहे. गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग, पश्चिमेच्या खिडकीवर खोल सज्जा, पश्चिम भिंतीला लागून कपाटे किंवा बाथरूम. इतके केले तर वरच्या मजल्यावर दीड टनाऐवजी एक टन पुरण्याची शक्यता वाढते, आणि हा वाचलेला अर्धा टन दर उन्हाळ्यात वाचतो.

त्यानंतर कूलर. विदर्भातल्या कूलरला मागासलेपणाची खूण समजणे ही अलीकडची चूक आहे. मेमधल्या दुपारी हवा ४३ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओले फडके गुंडाळलेल्या थर्मामीटरवर पारा २५ च्या आसपास येतो. चांगल्या ताट्यांचा कूलर या दोन आकड्यांमधले सुमारे ८० टक्के अंतर कापतो. म्हणजे ४३ ची हवा २८-२९ अंशांवर खोलीत येते, तीही ताजी, आणि सुमारे २०० वॉट विजेत. आठ तासांना दीड-पावणेदोन युनिट. एक टनाचा एसी तेवढ्याच वेळात पाच-सहा युनिटे सहज घेतो. त्या दुपारी मोठा कूलर तासाला पंधरा-वीस लिटर पाणी पितो हे खरे, आणि जिथे नळ दिवसाआड येतो तिथे ही अडचण मोठी आहे. तिथे कूलर एकाच खोलीत, दुपारपुरता ठेवावा. पण ऑगस्टमध्ये हवा ३१ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असते तेव्हा ओला पारा २८ वर असतो आणि कूलर फक्त दमटपणा वाढवतो. म्हणजे वर्ध्याच्या उन्हाळ्याचे दोन भाग आहेत : मृगापर्यंत कोरडा आणि त्यानंतर ओला. पहिल्यात कूलर बरीच कामे करतो, दुसऱ्यात एसीला पर्याय नाही. मल्टीत एकदा सगळ्या खोल्यांचे पैसे गुंतले की खिडक्यांतले कूलर भंगारात जातात आणि कोरडे दोन महिनेही विजेवरच निघतात. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांना टप्पे आहेत, पुढच्या टप्प्यातल्या युनिटांना चढा दर; बिल खरे फुगते ते इथे.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. कूलर खिडकीच्या चौकटीत बसवून बाजूच्या फटी पुठ्ठ्याने किंवा थर्मोकोलने बुजवायची आपली रीत आहे. जूनमध्ये एसी सुरू होतो तेव्हा कूलर तिथेच असतो आणि त्या फटींतून ओली हवा रात्रभर आत येत राहते. पाऊस लागला की कूलर खिडकीतून काढून तावदान नीट बंद करायचेच.

यानंतर एसी, आणि तो साधा स्प्लिट, एकेक करून. पहिला घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या किंवा सर्वांत लहान माणसाच्या खोलीत. ज्याचे उत्पन्न कापूस आणि सोयाबीन विकल्यावर येते त्याला एका वर्षी एक, दोन वर्षांनी दुसरा, असे घेता येते. दर वेळी त्या वर्षीचे सुधारलेले यंत्र मिळते. मल्टीत हा मार्गच नाही. आज दोन आणि उरलेली दोन नंतर जोडू, असे विक्रेता म्हणतो खरे, पण बाहेरचे मोठे युनिट मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण किमतीला घ्यावे लागते आणि तोवर ते अर्ध्या भारावर चालत राहते. छतावर ३ किलोवॉटचे सौर पॅनेल असेल तर ते दिवसाला सरासरी बारा युनिटांच्या आसपास वीज देते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तेवढ्या पॅनेलला ७८,००० रुपयांचे अनुदान आहे. या बारा युनिटांत एका खोलीचा एसी आणि घरातले बाकीचे बरेच काही बसते. चार खोल्यांचे मोठे यंत्र बसत नाही.

घर बांधतानाच या बेताची तयारी करता येते आणि तिला फार खर्च येत नाही. प्रत्येक निजायच्या खोलीत, ती एसीची असो वा नसो, बाहेरच्या भिंतीला उताराचे दोन-अडीच इंची छिद्र पाइप घालून ठेवावे, एसीचा वेगळा पॉइंट आणि त्याचा स्वतंत्र एमसीबी द्यावा, अर्थिंग नीट करून घ्यावे. ड्रेन पाइप भिंतीच्या आतून न्यायचा असेल तर प्लास्टर होण्याआधी त्यात बादलीभर पाणी ओतून ते खाली सरळ येते का पाहावे. बाहेरच्या युनिटांसाठी मागच्या किंवा उत्तरेच्या भिंतीवर, शिडी न लावता खिडकीतून हात पोचेल अशा उंचीवर कट्टे काढावेत. वर सावली असावी, पण समोर निदान दोन-तीन फूट मोकळे असावे, नाहीतर बाहेर टाकलेली गरम हवा फिरून पुन्हा आत जाते. हिंगणघाट, देवळी, पुलगावसारख्या जिनिंगच्या गावांत रुईचे तंतू कंडेन्सरच्या पत्र्यांत अडकून वाट बंद करतात. तिथे ही युनिटे हाताच्या अंतरावर असली तर घरचाच कोणी दिवाळीनंतर आणि होळीच्या आधी बारीक पाण्याच्या धारेने ती धुऊ शकतो.